बँड गप्प होतो ती गल्ली

पुण्यातल्या वादकांनी माझी नवी रचना अर्ध्यावर सोडली. 'वाजवायला मजा येत नाही' म्हणे! ट्रम्पेट, क्लॅरिनेट आणि ढोलासाठी वर्षभर खपून लिहिलेली. आयोजकांनी बजावलं, आठवड्यात रेकॉर्डिंग द्या, नाहीतर कार्यक्रमात दुसऱ्या कुणाची रचना घेऊ. माझी पहिलीच मोठी संधी. रडत बसण्यापेक्षा मी धुळ्याच्या एका लग्नाच्या बँडला सुरावटी फोनवर पाठवल्या आणि जळगावची गाडी पकडली.

जळगावला उतरून भरीत आणि कळण्याची भाकरी खाल्ली. हिवाळ्यात गेलात तर हे चुकवू नका. पुढे एसटीनं धुळं; बायकांना अर्धं तिकीट आहे. पारोळ्यापर्यंत कापसाच्या ट्रकमागून रखडलो.

बँडमास्तर रशीदभाईंच्या दुकानात लाल कोट टांगलेले होते. सुरावटी सगळ्यांना पाठ! फक्त मधोमध एक लांब शांतता आहे, सगळी रचना तिच्यावर उभी आहे, आणि तिथे ढोलवाले नाना दर वेळी ढोल बडवायचे.

"नाना, इथे काहीच नाही वाजवायचं."

"ताई, बँड बंद पडना का नवरदेवना बाप आंगवर येस!"

संध्याकाळपर्यंत तेच. मी जाम वैतागले होते, पण हात हलवत परतणार नव्हते. रात्री बँडला एक वरात वाजवायची होती, तिच्यामागे निघाले. एका वळणावर रशीदभाईंनी हात वर केला आणि सगळं गप्प झालं. नाचणारी पोरंसुद्धा. नवरदेवाचा बाप मान खाली घालून चालत होता. नुसते बूट वाजत होते.

"तठे मयत शे," नाना एका दाराकडे बघत हळूच म्हणाले.

गल्ली संपली आणि बँड पुन्हा सुरू झाला.

सकाळी तालमीत मी म्हटलं, "नाना, ढोल बडवता ना, तिथे कालच्या दारापुढून जायचं."

नानांनी ढोल गळ्यात अडकवला. ती जागा आली, ढोल गप्प राहिला, आणि सगळे आपोआप चालू लागले, दुकानातल्या दुकानात. फरशीवर बूट घासत होते. मी फोनवरचं रेकॉर्डिंग तसंच चालू ठेवलं. तेच आयोजकांना पाठवलं.

पुण्याला परतले आणि आयोजकांचा फोन आला.

"रचना घेतोय. फक्त मधे पायांचा आवाज आलाय, तेवढा काढून टाकू?"

कागदावरची त्या शांततेची खूण मी बसमध्येच खोडली होती. तिथे आता 'चालत राहा' लिहिलंय.

"नाही," मी म्हणाले.

"म्हणजे वादक स्टेजवर चालणार?"

"हो. बूट घालूनच या म्हणून सांगितलंय धुळ्याच्या बँडला."