समोर बसवलेला माणूस

आमच्या चंदरमामाने नकला सोडल्या त्याला आता दोन वर्षं झाली. कुणी विचारलं की तो घशाचं कारण सांगतो. घसा त्याचा ठणठणीत आहे. मांडवाच्या शिडीवरून तो हाक मारतो ती आमच्या अख्ख्या कुंभिवली गावाला ऐकू जाते. खरं कारण मी आहे. मामा ते कुणाला सांगणार नाही, म्हणून मीच सांगतो.

मामाचं काम मांडव घालायचं. सामान मालकाचं, बांधणारे दोघे, मामा आणि नागू. नागू कशेळ्याच्या पलीकडच्या ठाकरवाडीतला. वीसेक वर्षं या जोडीने खालापूरपासून कर्जतपर्यंत मांडव उभे केले आणि उतरवले. लग्न लागलं, पंगती उठल्या, की मांडवात एक अवघड वेळ येते. मुलीची पाठवणी जवळ आलेली असते, आईचा पदर सारखा डोळ्यांकडे जातो आणि पाहुण्यांना कुठं बघावं ते कळत नाही. ती वेळ मामाची. कमरेची पक्कड काढून तो कुणाच्या तरी हातात देई आणि मधोमध येऊन उभा राही.

त्याची एक रीत होती. ज्याची नक्कल करायची त्याला सकाळीच चहा देऊन विचारायचं. तो हो म्हणाला तर दुपारी त्याला खुर्ची टाकून अगदी समोर बसवायचं. आणि नक्कल संपली की जागा बदलायच्या. मामा खुर्चीत, आणि त्या माणसाने मामाची नक्कल करायची. ती कशीही होवो, मांडव जास्त हसायचा तो त्या दुसऱ्या नकलेला. कितीतरी पाहुण्यांच्या नकला झाल्या, पण लोकांची फर्माईश नागूची. प्रत्येक खांब रोवला की नागू चार पावलं मागं सरायचा, एक डोळा मिटायचा आणि त्या खांबाची समजूत घालायचा, "बाबा, आजचा दिस उबा ऱ्हा, उद्या तुला झोपवतो." मामा हे हुबेहूब करायचा. मग नागू उठायचा आणि स्वतःच मारलेली गाठ सुटत नाही म्हणून दोरीला शिव्या घालणारा मामा करून दाखवायचा. नवरीची आईसुद्धा रडायचं विसरायची.

ही रीत आजीची, म्हणजे मामाच्या आईची. जानकीबाई लहानपणी बाजाराला जायची तेव्हा लोक मागून तिच्या बोलण्याची नक्कल करायचे. हशा पाठीवर यायचा आणि मागं वळून बघायची सोय नव्हती. आमची माणसं बौद्ध झाली, शिकली, ते दिवस गेले, पण पाठीवरचा तो हशा आजी विसरली नाही. मामा पोरवयात नकला करायला लागला तेव्हा तिने त्याला बजावलं होतं की हसायचं तर माणसाच्या तोंडासमोर, आणि त्यालाही हसता आलं पाहिजे.

मी प्रबुद्ध, मामाच्याच घरी राहतो, रसायनीच्या एका कंपनीत लॅबमध्ये आहे. जाता-येता बसमध्ये कानात स्टँडअप कॉमेडी. हिंदी, इंग्रजी, मराठी, मिळेल ती. विनोदातलं मला फार कळतं असा माझा समज होता. जेवताना मी मामापुढे मोबाइल धरायचो. एकदा एका कॉमेडियनने स्वतःच्या बापाची अशी काही खिल्ली उडवली की सगळं सभागृह लोळत होतं. मामा शांतपणे भाकरी मोडत राहिला.

"बाप हाय का तितं?" त्याने विचारलं.

नाही म्हटल्यावर तो म्हणाला, मग बापाचं काय म्हणणं हाय ते कोन सांगनार? मी त्याला समजावलं की ती कला असते, बेधडक बोलायचं असतं, विनोदाला धार लागते. त्याला पटलं नाही. त्याला आवडली ती एक बाई, जी बोलता बोलता पुढचं विसरली आणि स्वतःलाच हसत सुटली. माझ्या मते तिचा तो फ्लॉप शो होता. वर्षभर आमचे असे वाद चालले. मामी ताटं उचलताना म्हणायची, अति शहाणा त्याचा बैल रिकामा. ती कुणाला म्हणायची ते मला ठाऊक होतं.

कर्जतजवळच्या एका रिसॉर्टवर महिन्यातून एका रविवारी, दुपारी चहाच्या वेळेला ओपन माइक असायचा. ज्याला हौस त्याने नाव द्यायचं आणि पाच मिनिटं बोलायचं. मी एकदा बोललो होतो. माझ्या पाच मिनिटांत लोकांच्या ग्लासातला बर्फ तेवढा वाजला. पुढच्या वेळी मी मामाचं नाव दिलं. मामाचं कौतुक व्हावं हे खरं, पण मला जे जमलं नाही ते माझ्या घरातल्या माणसाला जमतं, हे तिथल्यांना दाखवायचं होतं हे जास्त खरं.

मामाचा पहिला प्रश्न, खुर्चीत कोण? त्याने नागूला बोलावून बघितलं, पण नागूला त्या रविवारी वाडीत काम होतं. मग तो मला म्हणाला, "तूच बस रं. तुजी करतो."

मी नाही म्हणालो. तिथे माझे मित्र येणार होते आणि मला माझी फजिती नको होती. वर त्यालाच शिकवलं की तिथे खुर्चीबिर्ची कुणी ठेवत नाही, नागूचीच कर, नागूला कळणारसुद्धा नाही. शेवटी मामा, तुला बरं वाटतंय तर करतो, म्हणाला. त्या एका नकाराची आठवण झाली की अजून मला स्वतःचा राग येतो. पाच मिनिटं खुर्चीत बसायला माझं काय जात होतं?

मामाने सुरुवात खांबापासून केली. मागं सरला, डोळा मिटला, समजूत घातली. कुणी हसलं नाही. मुंबईहून आलेल्या त्या लोकांनी ना नागू पाहिला होता, ना मांडव घालताना कुणाला. मामाच्या कपाळावर घाम आला. मग त्याने एक वाक्य वाडीच्या बोलीत टाकलं आणि मागच्या टेबलावर एकजण फिस्सकन हसला. मामाने तसलंच दुसरं टाकलं. हशा वाढला. तो खांब सोडून हशाच्या मागं गेला. डोंगरातला माणूस काचेच्या दाराशी कसा अडखळेल, लिफ्टमध्ये कसा घाबरेल, असलं काय काय करत गेला. नागूने यातलं काही कधी केलेलं नाही. टाळ्या पडल्या. मी मोबाइलवर सगळं टिपलं आणि घरी पोचायच्या आत 'गावरान कॉमेडी' या नावाने इंटरनेटवर टाकलंसुद्धा. दोन दिवसांत हजारो लोकांनी ते बघितलं आणि मी कंपनीत कॉलर ताठ करून फिरलो.

पुढच्या मांडवाला नागू आला नाही. त्याच्या पुढच्यालाही नाही. फोन उचलेना. शेवटी त्याच्या वाडीतल्या सुनीलकडून कळलं की कशेळ्याच्या बाजारात पोरांनी खांबाच्या नकलेवरून ओळखून नागूला गराडा घातला होता, ते लिफ्टवालं बोलून दाखव म्हणत होती. मामाने मला विचारलं, हे मोबाइलवर कुणी घातलं? मी सांगितलं. त्याने एक शब्द सुनावला नाही. नुसतं म्हणाला, चल. कर्जतहून जीपने कशेळे, आणि तिथून पायी वाडी.

नागू अंगणात बांबू चिरून त्याच्या कांब्या काढत बसला होता. त्याने कोयता बाजूला ठेवला, बसायला चटई दिली, बायकोने पाण्याचा तांब्या आणला. मामाने हात जोडले, तर नागूने त्याला थांबवलं. म्हणाला, मला लोकांनी तुकडे दावलेत, आधी समदं दाव. मी मोबाइल धरला. नागूने पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितलं. हसला नाही आणि चिडलाही नाही.

"खांब लई लवकर सोडलास," तो मामाला म्हणाला.

"खांबाला कुनी हसंना रं," मामा म्हणाला. त्याचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता. मांडवात शंभर माणसांसमोर न अडखळणारा माझा मामा मान खाली घालून बसला होता, आणि त्याला तिथे मी आणून बसवलं होतं.

नागूने मला पुन्हा लावायला सांगितलं. या वेळी त्याने मोबाइल हातात घेऊन कानाशी धरला. टेबलांवरचा हशा लांबून येत होता. त्या सगळ्याच्या वर एक हसणं मोठ्याने येत होतं, मोबाइलच्या अगदी जवळचं. मी तो व्हिडिओ पन्नास वेळा बघितला असेन, पण ते माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं. नागूने माझ्याकडे बघितलं.

"ह्यो तूच ना रं?"

मी मान हलवली.

"त्यांचं सोड. ती मला वळखत नाय," नागू म्हणाला. "तू कशाला हसलास?"

सगळे हसत होते म्हणून. उत्तर एवढंच होतं, आणि ते त्याच्या अंगणात बसून मला उच्चारता येईना. नागूने मोबाइल माझ्यापुढे चटईवर ठेवला, तांब्या उचलला आणि आत गेला. मामा उठून चपला घालायला लागला.