समोरची गॅलरी

माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर नंदाताईंची गॅलरी आहे. रविवारी सकाळी तिच्या कठड्यावर ओली चादर वाळत होती. कठड्यावर कपडे वाळत घालायचे नाहीत, असा आमच्या सोसायटीचा नियम आहे आणि मी कमिटीत आहे. मी खिडकीतूनच फोटो काढला आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाकला.

खरं सांगायचं तर मी चादर पाहतच नव्हते. चादरीमागे नंदाताई स्टुलावर बसल्या होत्या आणि त्यांचे यजमान त्यांच्या केसांना तेल लावत होते. साठी उलटलेली दोन माणसं कशावर तरी खुदखुदत होती. माझ्या केसांना तीस वर्षांच्या संसारात असा हात कधी लागलेला नाही. नियम हाताशी असला की दुसऱ्याच्या घरात डोकावायची परवानगीच मिळाल्यासारखी वाटते.

फोटोत ते दोघंही आले होते. ग्रुपवर थट्टा सुरू झाली. तासाभरात नंदाताई माझ्या दारात उभ्या होत्या, तेलकट केस घाईघाईने बांधलेले.

"चादर काढली मी, चुकलंच माझं," त्या म्हणाल्या. "पण आम्हा दोघांना कशाला चव्हाट्यावर आणलंत, वहिनी?"

मी फोटो काढून टाकला, माफी मागितली. त्या निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्या गॅलरीला जाड हिरवा पडदा लागला. चहा उकळेपर्यंत मी तिकडेच बघत राहते. कधी पडद्यामागून हसू ऐकू येतं. गॅलरीला पडदा लावू नये असा काही नियम आहे का, ते मी नियमावलीत दोनदा शोधलं. नाही.