तितराचा घास

वाळवी दिसली की लोक औषध शोधतात. ही बाई डबा शोधायची. गल्लीत तिला वाळवीआजीच म्हणत. पुठ्ठा भिजवून मडक्यात कोंबायचा, मडकं वारुळाशेजारी पालथं घालायचं आणि पुठ्ठा वाळवीनं भरला की डब्यात झटकायचा. आणि हा सगळा खटाटोप कुणासाठी? जावयाच्या तितरासाठी!

जावयाचे गुण काय वर्णावेत! सुतारकामात हात चांगला, पण रंधा खाली ठेवला की तोच हात बायकोवर चालायचा. तितराला मात्र मांडीवर घेऊन "खा रे राजा, खा" करायचा. डबा भरलेला आला की घरात शांतता, रिकामा आला की लेकीच्या गालावर वळ. म्हणून म्हातारी उन्हातान्हात माळ तुडवायची.

त्या आठवड्यात गुडघ्यानं दगा दिला. माळापर्यंत जाववेना. मग वाटेवरच्या बंगल्याच्या कुंपणाशी तिनं एक कुजका ओंडका उलथला, तर खाली वाळवीच वाळवी! एरवी उजेड पडला की वाळवी सैरावैरा पळते. ही आपली ढिम्म. आजीला वाटलं, चला, गुडघ्याची कुणाला तरी दया आली. तिनं डबा काठोकाठ भरला.

"आज सासूबाईंनी कमाल केली!" जावई म्हणाला. लेक चक्क हसली.

दुसऱ्या दिवशी आजी पुन्हा तिथंच वाकली, तर बंगल्याचा माळी ओरडला, "अहो आजी, हात धुवा आधी! औषध घातलंय त्यांना. लगेच मरत नाहीत त्या. सुस्तावतात, घरी जातात आणि बाकीच्यांनाही तेच चारतात."

आजीच्या पायाखालची जमीनच सरकली. गुडघा गेला खड्ड्यात, म्हणत ती लेकीच्या घराकडे पळत सुटली.

तितर पाय वर करून पडला होता. शेजारी जावई हुंदके देत होता. मेल्याच्या डोळ्यांत माणसासाठी कधी टिपूस आलं नव्हतं!

"जावईबापू, चूक माझी आहे," आजी धापा टाकत म्हणाली. "विषारी वाळवी मीच आणली. हिला काही ठाऊक नव्हतं. मारायचं तर मला मारा."

जावयानं डोळे पुसले. "तुम्ही वयानं मोठ्या. तुमच्यावर कसा हात उचलू?" तो शांतपणे म्हणाला, आणि त्यानं बायकोला हाक मारली.

लेक स्वयंपाकघरातून आली. तिनं आईचा दंड धरला आणि तिला उंबऱ्याबाहेर ढकललं.

"एवढं एक काम होतं तुझ्याकडे, आई," ती म्हणाली, आणि दाराची कडी तिनं स्वतःच आतून लावली.