घारीनं नेलेला वडा

मी शाळेत विज्ञान शिकवतो, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे वाचताना माझ्याबद्दल कोणाला उगाच आदर वाटायला नको. कित्येक वर्षं मी फळ्यावर अन्नसाखळीचं चित्र काढत आलोय. धान्य, उंदीर, साप, आणि सगळ्यात वर घार. मधले बाण मी फार सुरेख काढतो. एवढं सगळं डोक्यात असलेला माणूस भरल्या दुपारी विमानतळाच्या भिंतीला लागून खीर-वड्यांचं पान मांडून बसला, तर त्याला काय म्हणावं? ताई जे म्हणते ते छापण्यासारखं नाही.

ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. बंगळूरला असते. बाबांची सगळी माया तिच्यावर. माझ्या वाट्याला बाबांच्या जुन्या पँटी आल्या, त्याही ढिल्या. बाबांचं शेवटचं दुखणं चालू होतं तेव्हा ताईनं तिकीट आठवडाभर पुढे ढकललं, कारण ऑफिसात काही अडलं होतं आणि आम्ही फोनवर सांगितलं होतं, "आरामात ये, घाई नाही." आम्ही म्हणजे मी. बाबा रोज विचारायचे, "कुठवर आली रे?" मी रोज सांगायचो, "निघाली बाबा, निघाली." ती पोचली तेव्हा बाबांना खाली जमिनीवर घेतलेलं होतं.

त्यानंतर सव्वा वर्षानं, पितृपक्षात बाबांच्या तिथीला ती आली. दोन दिवसांची सुट्टी काढून. सकाळी सहाला उठून तिनं स्वतः वडे तळले, आईला कढईजवळ येऊ दिलं नाही. ब्राह्मण जेवून गेले, आणि आम्ही कावळ्याचं पान घेऊन छतावर गेलो.

आमच्या माधव नगरात कबुतरं म्हणाल तेवढी मिळतील. कावळ्याची मात्र मारामार. त्यातून पितृपक्षात उज्जैनच्या कावळ्यांना इतकी आमंत्रणं असतात की तिकडे भैरवगढला वडाखाली खिरीकडे पाठ करून बसलेला कावळा मी स्वतः पाहिलाय. तासभर आम्ही तिघं उन्हात उभे. घरात नियम असा की कावळा शिवल्याशिवाय आई तोंडात घास घालत नाही, आणि आईला शुगर.

शेवटी एक आला. शेजाऱ्यांच्या टंकीवर बसला, मान वाकडी करून पानाकडे पाहिलं. ताई पुढे झाली, हात जोडले आणि हळू म्हणाली, "बाबा, आले मी."

कावळा उडून गेला.

"पलीकडच्या गुप्तांकडे मालपुवे असतील," मी म्हणालो. कोणी हसलं नाही.

"माझ्यावर रागावलेत ते," ताई म्हणाली. रडली नाही काही. निकाल वाचून दाखवावा तसं म्हणाली.

"अगं, त्याचं पोट भरलेलं असेल. पितृपक्ष आहे, सीझन आहे त्यांचा."

"तू गप्प बस."

मी गप्प बसलो असतो तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण तिचं चारचं विमान होतं, आणि आमच्या गावाला विमानतळ नसल्यानं तिला शेजारच्या मोठ्या शहरात सोडायला जायचं होतं. मला वाटलं, ही असं तोंड घेऊन गेली तर परत यायची नाही. म्हणून मी पत्रावळीवर कागद झाकला, ती गाडीच्या मागच्या सीटवर ठेवली आणि आईला म्हणालो, "वाटेत कावळा गाठतोच. शिवला की फोन करतो, मग तू जेव."

"कावळाच आहे ना ते नीट बघ," आई म्हणाली. "नाहीतर तू मैनेला कावळा म्हणशील."

रस्ताभर एक कावळा दिसला नाही. ताई खिडकीबाहेर बघत होती, मी आरशातून पत्रावळीकडे. खीर एका वळणावर सीटवर सांडली, तो डाग अजून आहे. विमानतळाच्या दारात बॅग उतरवून घेताना ती म्हणाली, "शिवला तर मेसेज कर. मी आत जाऊन बसले असले तरी कर."

मग मी गाडी घेऊन हिंडलो. तासभर. कॉलन्या झाल्या, एक स्मशान झालं, मंदिराचं आवार झालं. तिकडे आई उपाशी. आणि हिंडता हिंडता विमानतळाच्या मागच्या भिंतीशी आलो तर काय, तिथे कचऱ्याचा हा एवढा ढीग, तारांवर कावळ्यांची रांग, वर आभाळात घारी घिरट्या घालताहेत. मला देवच पावला. भिंतीवर एक फलक होता: पक्ष्याचं चित्र, त्यावर लाल फुली, खाली हिंदीत लिहिलेलं की इथे खाद्यपदार्थ टाकू नयेत. मी तो पूर्ण वाचला. बागेत फुलं तोडू नका म्हणून लिहिलेलं असतं, तेवढाच मनावर घेतला.

एका सपाट दगडावर पान मांडलं, मागे सरकलो, मोबाईल काढला. ताईला व्हिडिओच पाठवू म्हटलं. एक कावळा तारेवरून उतरला. दोन उड्या मारून पुढे आला. पानापासून हातभर अंतरावर थांबला, माझ्याकडे पाहिलं. मी श्वास रोखून धरला.

तेवढ्यात माझ्या डोक्यावरून काहीतरी गेलं. वारा लागला मानेला. घार होती. तिनं पानाला पाय लावला न लावला, एक वडा उचलला आणि भिंतीवरून वर गेली. कावळे काव काव करत पांगले. मग दुसरी घार आली, तिसरी आली, आणि बघता बघता आभाळ खाली उतरल्यासारखं झालं. भात उडाला, वडे गेले, द्रोण उलटा झाला. कावळा मात्र एकही परत फिरकला नाही.

नेमका तेव्हा आईचा फोन. "झालं का रे?" आवाज अगदी खोल गेलेला.

"झालं. शिवला."

"कावळाच ना?"

"कावळाच गं. जेव तू आता."

एकदा खोटं सुरू केलं की मी कंजुषी करत नाही. ताईलाही लिहिलं: 'शिवला. बाबा जेवले. आता निवांत जा.' तिनं लगेच वाचलं. जोडलेले हात पाठवले, बाकी काही नाही. मला स्वतःचा इतका अभिमान वाटला की काय सांगू.

भिंतीच्या आतून फटाक्याचा आवाज आला. मी मनात म्हटलं, पितृपक्षात कोणाची वरात? दुसरा फटाका वाजला आणि भिंतीवरच्या तारेच्या जाळीमागे एक माणूस दिसला. पिवळं जाकीट, हातात वॉकीटॉकी. पक्षी पळवायला त्याला ठेवलेलं असतं, हे मला तिथे कळलं.

"ओ भिया! ये क्या डाल रखा है?"

"प्रसादी है भिया. पिताजी की."

"पिताजी की है तो घर पे खिलाओ ना! ऊपर देखो, ऊपर!"

मी वर पाहिलं. फटाक्यानं घारी उठल्या होत्या, सगळ्या एकदम, आणि भिंतीच्या पलीकडून विमान येत होतं. नाक वर केलेलं, पोट दिसत होतं, इतकं जवळ. एक काळा ठिपका उजव्या पंखाखाली गेला आणि दुसऱ्या बाजूनं बाहेर आला नाही.

आवाज मोठा नव्हता. लोक विचारतात म्हणून सांगतो. वरच्या मजल्यावर कोणी ओली चटई टाकावी, तसा धप्प. मग इंजिनातून दोनदा जाळ निघाला, आणि विमान खोकल्यासारखं करत पुढे गेलं, लहान झालं, दिसेनासं झालं.

मी घड्याळ पाहिलं.

"उसमें मेरी बहन है," मी म्हणालो.

त्या माणसानं आधी पानाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. वॉकीटॉकीत काय बोलायचं ते बोलला. मग मला म्हणाला, अगदी शांतपणे, "फोन मत लगाना, लगेगा नहीं. दाना उठाओ."

मी दाणा उचलला. गुडघ्यावर बसून, भाताचं शीत न् शीत. शर्टाच्या ओच्यात भरत होतो. धान्य, उंदीर, साप, घार, असं काहीतरी तोंडानं पुटपुटत होतो म्हणे. त्याच माणसानं नंतर सांगितलं, मला आठवत नाही.

विमान अर्ध्या तासानं सुखरूप परत उतरलं. एका इंजिनावर. मी दाराशी उभा होतो, हाताला खिरीचा वास. तोपर्यंत माझ्या डोळ्यांसमोर एकटी ताई होती. आता बाकीचे बाहेर यायला लागले: तान्हं पोर घेतलेली बाई, काठी टेकत येणारे आजोबा, हसू न थांबणाऱ्या दोन कॉलेजच्या मुली. प्रत्येक जण समोरून गेला की वाटायचं, ह्यांच्याही वाटेत घारींना मीच जेवायला बोलावलं होतं. "चील थी," लोक एकमेकांना सांगत होते. "चील घुस गई इंजन में."

ताई सगळ्यांच्या शेवटी आली. गाडीत बसली, पट्टा लावला.

"तुझा मेसेज वाचला," ती म्हणाली. "फोन बंद केला, डोळे पुसले. म्हटलं, चला, सुटले. आणि मग ते झालं."

"घार होती ताई. लोक म्हणताहेत."

"असेल. तुझ्या हातचं जेवले ना? मग राग फक्त माझ्यावरच आहे."

तेव्हा सांगायला हवं होतं. पाच शब्दांचं काम होतं. मी गाडीचा पहिला गिअर टाकला.

दुसऱ्या दिवशी ती ट्रेननं गेली, आणि मग आलीच नाही. दिवाळीला नाही, आईच्या पंच्याहत्तरीलाही नाही. आधी सबबी असायच्या. मग एकदा सरळ म्हणाली, "मी यायला निघाले की काहीतरी होतं रे. मला नको म्हणताहेत ते."

इकडे माझं काय चाललं होतं, तेही ऐका. भरदुपारी छतावर कपडे वाळत घालताना एखाद्या घारीची सावली फरशीवरून सरकली की मी खाली बसतो. एकदा आईची ओली साडी डोक्यावर घेऊन बसलो होतो, शेजारच्या गुप्तीणबाईंनी पाहिलं. मोबाईलवर विमानं दाखवणारं ॲप घेतलंय. चारचं विमान सुटलं की त्याची उंची वाढताना बघतो; एका ठरावीक आकड्याच्या वर गेलं की मोबाईल खाली ठेवतो. वर्गात तास चालू असला तर फळ्याकडे तोंड करून बघतो. अन्नसाखळीचं चित्र ह्या वर्षी काढायला गेलो आणि घारीपाशी हात थांबेना. तिच्यापुढे आणखी एक बाण काढला. वर्ग वाट पाहत होता, सर पुढे काय काढणार. मी डस्टर उचललं.

आणि एक प्रश्न असा आहे की तो विज्ञानानं सुटत नाही. इंजिनात गेली ती वडा नेणारीच घार होती का? त्या पिवळ्या जाकीटवाल्यानं सांगितलं होतं की धावपट्टीवर सापडलेली पिसं तपासायला पाठवतात, कोणता पक्षी ते कळतं. कोणता ते कळतं. काय खाऊन निघाला होता, ते नाही कळत. कधी मला वाटतं, दुसरीच असेल. कधी अगदी स्पष्ट दिसतं, तिच्या पायात तो वडा, ताईनं सकाळी सहाला तळलेला.

ह्या वर्षी तिथीच्या आठ दिवस आधी आईनं विचारलं, "ती येणार आहे का, की मी विचारूच नको?" असं विचारलं की मी रविवारी सकाळी चहा न घेताच ताईला फोन लावला आणि ती हॅलो म्हणायच्या आत बोलायला लागलो. भिंत, फलक, पान. फलक पूर्ण वाचला होता हेसुद्धा. घार. कावळा शिवलाच नव्हता, हे. आईला खोटं बोललो, तुला खोटं लिहिलं, हे. आणि बोलणं थांबेना म्हणून तेही सांगितलं, की बाबा विचारायचे तेव्हा तू अजून बंगळूरलाच होतीस आणि मी निघाली, निघाली म्हणत होतो. ते तुझ्यावर रागावणार कसे, त्यांच्या हिशेबानं तू आठवडाभर रस्त्यातच होतीस.

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"गधड्या," ताई म्हणाली. मग पुन्हा एकदा म्हणाली. मग आणखी काही म्हणाली, ते सुरुवातीलाच सांगितलं, छापण्यासारखं नाही. दीडशे माणसं होती आत, म्हणाली. माझ्या शेजारच्या बाईनं माझा हात इतका दाबला होता की निळा पडला होता. मी "हो" म्हणत राहिलो. विनोद एकही सुचला नाही, सुचला असता तर केला असता.

मग तिचा आवाज बदलला.

"म्हणजे गेल्या वर्षी कावळा शिवलाच नाही."

"नाही."

"म्हणजे बाबा उपाशी आहेत."

"हो," मी म्हणालो. मी विज्ञान शिकवतो.

"मी येते," ती म्हणाली. रागावलेल्या बाबांसमोर उभं राहायची तिला भीती वाटत होती. उपाशी बाबांची नाही वाटत, हे तिच्या आवाजातच होतं. "शुक्रवारी निघते. विमानानं. आणि तू त्या दिवशी घराबाहेर पाऊल टाकायचं नाहीस, मी टॅक्सी करीन."

"बरं."

"आईला सांगितलंस का? ती त्या दिवशी कावळा न शिवताच जेवली, ते?"

"नाही अजून."

"आत्ता सांग. आधी फोन ठेव आणि जाऊन सांग."

तिनंच ठेवला. मी स्वयंपाकघरात गेलो. गोळी घ्यायची म्हणून आई सकाळी लवकर जेवते. भाकरी आणि दुधीची भाजी घेऊन ती पाटावर बसली होती. "काय म्हणाली?" तिनं विचारलं. "येतेय," मी म्हणालो. आई हसली, आणि भाजी पुन्हा वाढून घेतली. मी दारात उभा राहिलो, तिचं ताट संपेपर्यंत.