पांझरेतला बाप्तिस्मा

धुळ्याच्या आमच्या मंडळीत बाप्तिस्म्याचा दाखला पंच कमिटीच्या ठरावाशिवाय द्यायचा नाही, हा नियम मीच केला होता. मी तेव्हा मंडळीचा चिटणीस होतो. लोक शाळेसाठी, लग्नासाठी पाळकांना तोंडी सांगून दाखले नेत आणि नोंदवहीत त्याची ओळही नसे. मला ते खपत नव्हतं. ठराव मी मांडला, पाच हात वर झाले, त्यात एक माझा. सहा वर्षांनी तोच नियम माझ्या वाटेत आडवा आला.

मधल्या काळात मोजणी खात्यातली माझी बदली जळगावला झाली आणि आम्ही पिंप्राळ्यात राहू लागलो. ऐंशीच्या दशकाचा तो शेवट. प्रॉटेस्टंट घरात वाढलेला मी तिथे कॅथलिक चर्चमध्ये जाऊ लागलो. लोक कारण विचारतात म्हणून सांगतो. आमच्याकडे प्रभुभोजन वर्षातून चार वेळा होई. मंडळीत दोन तट पडले त्या वर्षी दोनदाच झालं, कारण शेजारी बसून भाकर घ्यायला कोणी तयार नव्हतं. कॅथलिकांकडे ते रोज होतं. एका मंगळवारी कचेरीत जाण्याआधी मी मागच्या बाकावर बसून पाहिलं. फादर, दोन सिस्टर आणि एक म्हातारा रिक्षावाला. चारच माणसं, तरी सगळं नेमानं चाललं होतं. मला ते हवं होतं. याहून मोठं कारण माझ्याकडे नाही.

वर्षभर शिकवणी झाल्यावर फादर म्हणाले, "भाऊ, आता बाप्तिस्म्याचा दाखला आणा. तुमचा बाप्तिस्मा आम्ही मानतो, पण पुरावा लागतो."

"नाही मिळाला तर?"

"तर अट घालून नव्याने देता येतो. 'तुझा झाला नसेल तर' असं म्हणून."

मी म्हटलं, "फादर, 'नसेल तर' मला चालणार नाही. चौदाव्या वर्षी मी पांझरा नदीत छातीभर पाण्यात उभा होतो. तो झालेला आहे."

मी धुळ्याला तीन खेपा घातल्या. पहिल्या खेपेला कमिटीचे अध्यक्ष, ज्यांना आम्ही सगळे नाना म्हणायचो, दारातच म्हणाले, "या, या, पोपचे जावई!" बाकीचे हसले.

"नाना, दाखला हवाय."

"मेणबत्त्या लावायला दाखला लागतो होय?"

"मी दाखला मागतोय, परवानगी नाही."

"ठराव लागतो. नियम तुझाच ना?"

दुसऱ्या खेपेला बैठकच भरली नाही. तिसऱ्या खेपेला भरली. चार जणांनी विरोधात हात वर केले. पाचवी जागा माझी, ती रिकामी होती. नाना समजुतीच्या सुरात म्हणाले, "आम्ही दाखला दिला तर आम्हीच तुला तिकडं पाठवल्यासारखं होईल. त्यांच्याकडून घे ना पाणी डोक्यावर. तुझं काय जातं?"

"माझा बाप्तिस्मा जातो," मी म्हटलं. "तुमच्याच पाळकांनी दिलेला. मी तो खरा म्हणतोय आणि तुम्ही तो लपवताय."

खोलीत कोणी हसलं नाही. पण दाखलाही कोणी दिला नाही.

घरी बायको म्हणाली, "नोंदवहीची नक्कल तुम्हीच केली होती. तुमच्याकडे असेलच की." होती. पण तिच्यावर सही-शिक्का नव्हता, आणि स्वतःच्या अक्षरातला कागद स्वतःचा पुरावा म्हणून मी पुढे करणार नव्हतो. फादरांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, डोळ्यांनी पाहिलेल्या एका विश्वासू माणसाची लेखी साक्ष चालेल.

असं माणूस एकच उरलं होतं: देवपूरला राहणारी माझी आत्या, अक्का. तिने उभं आयुष्य खेडोपाडी बायकांना बायबल शिकवण्यात घालवलं होतं. मी चर्च बदलतोय हे कळल्यापासून ती माझ्याशी बोलत नव्हती. त्या दिवशी नदीकाठी माझे कोरडे कपडे धरून तीच उभी होती.

मी गेलो तेव्हा ती शेंगा फोडत होती. मान वर न करता तिच्या अहिराणीत म्हणाली, "बठ्ठं समजनं माले. नानानी सांगं, काही लिखी देऊ नको."

"मग?"

"तू चुकी राहिना. पण बाप्तिस्मा तुना खरा शे. मी खोटं बोलस नही."

तिने हात पुसले, चष्मा लावला आणि शाळेतल्यासारख्या गोल अक्षरात सात ओळी लिहिल्या. पाळक कोण, पाणी किती, पिता, पुत्र आणि पवित्र आत्म्याच्या नावाने दिला हे, सगळं. शेवटची ओळ अशी होती: 'माझा भाचा आता चुकीच्या मार्गाने जात आहे, परंतु त्याचा बाप्तिस्मा खरा आहे.'

फादरांनी कागद दोनदा वाचला. "ही शेवटची ओळ काढून दुसरा लिहून आणता येईल का?"

"नाही," मी म्हटलं. "साक्ष तिची आहे. ओळीसकट लावा."

त्यांनी ती तशीच लावली. पुढच्या महिन्यातल्या एका रविवारी सकाळी सगळ्यांसमोर माझा स्वीकार झाला. विश्वासाची कबुली, कपाळाला तेल, मग पवित्र भाकर. पाण्याचा थेंबही नाही.

दुसऱ्या रविवारी मी देवपूरला गेलो. अक्का दारातच उभी.

"परत पानी टाकं का त्यास्नी?"

"नाही."

तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मंग बस, जेवी ले," ती म्हणाली. "पण मेणबत्ती मन्हा घरमां नही."