रोक बंद

बाळांनो, तुमचे काकाआजोबा, म्हणजे माझे धाकटे दीर, पुढच्या महिन्यात तुमच्याकडे येताहेत. आल्या आल्या ते तुम्हाला बँडची गोष्ट सांगणार, आणि स्वतःच्या सोयीने सांगणार. म्हणून खरी गोष्ट मी आधीच क्रमाने लिहून पाठवते आहे. त्यांच्यासमोर मोठ्याने वाचलीत तरी चालेल.

तुमच्या आजोबांचा रॉक बँड होता. हसू नका. दिवसा ते शाळेत रसायनशास्त्र शिकवत आणि संध्याकाळी केस विस्कटून गिटार वाजवत. केस विस्कटायला त्यांना आरसा लागे. दीर ड्रमवर. बाकीचे दोघे बदलत राहायचे, कारण त्यांची लग्नं व्हायची. मी घरात नवी होते तेव्हा सासूबाईंनी विचारलं, "तू इंग्रजी शिकलेली. रॉक म्हणजे काय गं?" मी शब्दकोशाला धरून सांगितलं, "दगड." तेव्हापासून त्या शेजारणींना सांगत, "आमचे दोघेही दगड वाजवतात."

त्यांची पहिली कॅसेट प्रेमभंगाची होती. आजोबांचा प्रेमभंग कधी झालेला नव्हता, मी चौकशी केली आहे. कॉलेजातली मोजकी मुलं ती डोळे मिटून ऐकत. आजोबांच्या मते हे संगीत बसून ऐकायचं, फार तर मान हलवायची.

दुसऱ्या कॅसेटचं रेकॉर्डिंग इंदूरला ठरलं आणि नेमकं आजोबांना गालगुंड झालं. भोपळ्याएवढा चेहरा घेऊन ते अंथरुणात, आणि बाकीचे इंदूरला. दीर पॉवरलूमच्या कारखान्यात देखरेखीला होते. दिवसभर मागांचा खटका कानात. इंदूरला त्यांनी तोच खटका ड्रमवर धरला, खट-खटाक-खट, आणि आजोबांची सगळी रडकी गाणी त्या तालावर पळवली. गिटार इंदूरच्याच कोणी तरी वाजवली.

कॅसेट आली आणि आमच्या हिंदी मुलखातल्या गावात दोन पक्ष पडले. कॉलेजची मुलं दारात येऊन कॅसेट परत करू लागली. "सर, आपने ये क्या किया?" उलट कारखान्यांत, वरातींत, केळी भरणाऱ्या ट्रकांत तीच वाजू लागली. प्रेयसी सोडून गेली असं गाणारा गाणारच, आणि त्यावर नवरदेवाचे मामा नाचणार.

"दादा, लोक नाचताहेत!" दीर म्हणाले.

"वरातीतला घोडाही नाचतो."

"घोडा निदान जागा तरी असतो. तुझं ऐकून माणसं झोपतात."

आजोबा पांढरेफटक पडले. मग म्हणाले, "तू तुझी चूल वेगळी मांड."

आमच्याकडे हे वाक्य चेष्टेत कोणी बोलत नाही. दिरांनी गावाबाहेर लालबागकडे खोली पाहिली. जाऊबाई माहेरची पातेली एकीकडे काढू लागल्या. सासूबाई गरजल्या, "लोकांची घरं शेतावरून फुटतात. ढोलक्यावरून फुटणारं आपलंच पहिलं!" पण बोलता बोलता परातीतल्या भाकरीवरचा त्यांचा हात थांबला. आपण कोणाकडे जेवायचं, हे त्यांना कोणी विचारलंच नव्हतं.

ते दिवस राष्ट्रीय एकात्मतेचे होते. टीव्हीवर एकात्मता, भिंतींवर एकात्मता, शाळेत निबंधाला एकात्मता. शनवाऱ्यात, म्हणजे वेशीजवळच्या बाजारात, त्याच नावाखाली कार्यक्रम होता आणि दिरांच्या बँडला बोलावणं होतं. तो झाला की दुसऱ्या दिवशी सामान हलणार, असं ठरलं. आजोबा वाजवणार नव्हते, "फक्त बघायला" येणार होते. खांद्यावर गिटार कशाला, विचारलं तर म्हणाले, "तार बदलायचीय." शनवाऱ्यात तारा बदलून देणारं एकही दुकान नव्हतं.

आम्ही पोहोचलो तर सगळी शटरं खाली. रस्ता सामसूम. वेशीपाशी कापडी फलक टांगला होता. पेंटरला सवय सभा आणि संपांचे फलक रंगवायची. त्याला सांगितलं होतं 'रॉक बैंड'. त्याने ठसठशीत लाल अक्षरांत लिहिलं होतं: 'आज शाम शनवारा में रोक बंद'. रोक कशाला, ते कोणालाच कळलं नव्हतं. बंद मात्र सगळ्यांना कळला होता.

पोलिसांची जीप येऊन उभी होती. अंमलदाराने दिरांना धरलं होतं.

"बंद किसने बुलाया?"

"साहब, बंद नहीं, बँड."

"वही पूछ रहा हूँ. किसने बुलाया?"

"हमने. पर वो तो नाचने के लिए..."

"एकता के कार्यक्रम में दुकानें बंद कराके नाचोगे? चलो थाने!"

तेव्हा आजोबा पुढे झाले. "मैं इसका बड़ा भाई हूँ. बँड मेरा है. जो पूछना है, मुझसे पूछिए."

"बँड है? तो बजाके दिखाओ."

आजोबा मंचावर चढले आणि पहिल्या कॅसेटमधलं लाडकं गाणं सुरू केलं. अंमलदार थोडा वेळ ऐकून ओरडला, "ये तो शोकसभा है! बताओ, कौन मरा है, किसके लिए बंद रखा है?"

दीर ड्रममागे जाऊन बसले होते. हळूच म्हणाले, "दादा, खटका धरू?"

आजोबांनी डोळे मिटले आणि मान हलवली.

खट-खटाक-खट. एक शटर अर्धं वर गेलं. मग दुसरं. कापडवाले, पानवाले, रिकामे बसलेले सगळे बाहेर आले आणि नाचू लागले. अंमलदार नाचला नाही, पण त्याची काठी तालावर आपटत होती. आजोबांच्या चेहऱ्यावर एरंडेल प्यायल्याचा भाव होता. बोटं मात्र एकदाही चुकली नाहीत. जी कॅसेट घरात लावू देत नव्हते, तिची गाणी त्यांना पाठ कशी, हे मी तेव्हा विचारलं नाही. लग्न टिकवायचं तर काही प्रश्न विचारायचे नसतात.

परतताना दीर म्हणाले, "दादा, मस्त वाजवलंस."

"ठाण्यात बसण्यापेक्षा बरं. कॅसेट भिकार आहे ती आहेच."

"आहेच," दीर म्हणाले. "उद्या हातगाडी सांगितली आहे सामानाला."

"कशाला? ड्रम काय लालबागला ठेवणार? मग तालीम कुठे करायची?"

सासूबाईंनी दोघांना एका पंगतीला बसवलं. त्यांचं जेवण होईपर्यंत जाऊबाईंनी पातेली मांडणीवर परत लावली होती. कॅसेटवरून भांडण पुढे आयुष्यभर चाललं, पण जेवताना, आणि एकाच घरात.

आता सासूबाई नाहीत, आजोबा नाहीत. कॅसेटची फीत केव्हाच बुरशीने गेली. दिरांना एका कानाने ऐकू येत नाही. स्वयंपाक आमचा अजून एकत्र होतो.