रजिस्ट्रीत उरलेलं नाव

आमच्या वर्तमानपत्राच्या भंडाऱ्यातल्या जिल्हा कार्यालयात एकेकाळी चौघे होते. मुख्य कार्यालयाने एकेक पद कमी केलं आणि शेवटची काही वर्षं मी एकटाच उरलो. कॉम्प्युटर अडला की नागपूरचा तंत्रज्ञ फोनवर सांगायचा, मी करायचो. कित्येकदा दिवसभरातलं माझं सर्वांत लांब बोलणं तेच असे. कॉम्प्युटरची रजिस्ट्री दुरुस्त करायला मी असा शिकलो. पुढे कार्यालयही बंद झालं. बातम्या कोणी मागितल्या नाहीत. कॉम्प्युटरसाठी मात्र फोन येत राहिले.

त्यातला एक फोन मोहाडी तालुक्यातल्या विणकराचा होता. वय साठीच्या पुढे. बायको मागच्या वर्षी वारली. साडीच्या काठाची नक्षी ती कॉम्प्युटरवर काढायची आणि तो मागावर विणायचा. तिने काढलेली शेवटची नक्षी विणायची राहिली होती. ती ज्या प्रोग्राममध्ये उघडते, तो आता इन्स्टॉल होत नव्हता.

मी दुपारच्या एसटीने गेलो. कॉम्प्युटर मागाशेजारी, टॉवेलने झाकलेला. त्याचा शेजारी आधीच येऊन बसला होता.

सीडी घातली. पडद्यावर आलं, हा प्रोग्राम आधीच आहे, पहिले तो काढा. काढायला गेलो, तर काढण्यासाठी लागणारी फाइल सापडत नव्हती. मी डिस्कवर शोधलं. प्रोग्रामचा फोल्डरच नव्हता.

"फोल्डर कुठे गेला?"

"मीच उडवला जी," विणकर म्हणाला. "प्रोग्राम अटकून राहिला होता. मागावर दुसरा ताणा चढवायचा तं पहिला उतरवा लागते ना? मनलं, आंधी रिकामं करू, मंग नवा टाकू."

"आन् वरतून कचऱ्याचा डब्बाबी साफ केला यानं," शेजारी म्हणाला. "कॉम्प्युटरले मागच समजला. उद्या त्याले खळ लावशीन काय गा?"

विणकर हसला नाही. "तिच्या नक्ष्या त्याच फोल्डरात होत्या का जी?"

मला माहीत नव्हतं. तिथे असत्या तर गेल्या होत्या. मी तसं सांगितलं.

प्रोग्राम इन्स्टॉल होतो तेव्हा त्याची नोंद विंडोजच्या रजिस्ट्रीत होते. फोल्डर हाताने पुसला तरी नोंद जागेवर राहते. प्रोग्राम नसतो, पण कॉम्प्युटर तो आहे असंच धरून चालतो आणि नवा घेत नाही. अशा वेळी रजिस्ट्री उघडून ती नोंद शोधायची, तिची प्रत काढून ठेवायची आणि मग ती पुसायची. चुकीची ओळ पुसली तर कॉम्प्युटर सुरूच होत नाही, म्हणून मी पुसण्याआधी सगळं वाचतो.

त्या नोंदीत वापरणाऱ्याचं नाव होतं. इंग्रजी अक्षरांत, तिचं. खाली शेवटच्या उघडलेल्या फाइलींची यादी होती. पाच नावं, प्रत्येकापुढे पत्ता. सगळे पत्ते डी ड्राइव्हचे होते. उडवलेला फोल्डर सी ड्राइव्हवर होता.

मी डी ड्राइव्ह उघडला. पाचही फाइली तिथे होत्या.

"हायेत?"

"आहेत. पण प्रोग्राम चालल्याशिवाय उघडणार नाहीत."

मग मी पुसायच्या नोंदीवर बोट ठेवून दाखवलं. त्याला इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण तेवढं नाव त्याने ओळखलं.

"हेबी पुसा लागते काय?"

"हो. सगळी नोंद जाते."

"करा," तो म्हणाला.

मी प्रत पेनड्राइव्हवर घेतली आणि नोंद पुसली. ती प्रत अजून माझ्याकडे आहे. कॉम्प्युटर बंद करून पुन्हा सुरू केला, सीडी घातली. या वेळी अडलं नाही. मध्येच नाव लिहायला चौकट आली. मी त्याचं नाव लिहू लागलो.

"माहं नाही जी. तिचंच टाका."

स्पेलिंग मी प्रतीतून पाहून घेतलं. तिने शेवटी दोन ए लिहिले होते.

यादीतली सर्वांत वरची, म्हणजे तिने शेवटी उघडलेली फाइल उघडली. करवती काठ आणि त्यावर शिंगाड्याची वेल. नक्षी पूर्ण होती. विणकराने खुर्ची ओढली, पडद्याच्या अगदी जवळ गेला आणि बोटाने चौकोन मोजले. मग विचारलं, "बंद केलं तं पुन्हा उघडन ना?"

"उघडेल. करून पाहा."

त्याने स्वतः बंद केलं, स्वतः उघडलं. असं तीनदा केलं. तिन्ही वेळा वेल आली.

"याच्या मंग काढलेली कोन्ती हाय?"

"नाही. यादीत हीच शेवटची."

"दुसऱ्या कुठं ठेवली असन?"

मी दोन्ही ड्राइव्ह त्याच्यासमोर शोधून दाखवले. जुन्या चार होत्या. त्या त्याच्या विणून झाल्या होत्या.

"तं हे सावकाश विणतो," तो म्हणाला.

शेजाऱ्याने मला मोटरसायकलवर स्टँडपर्यंत सोडलं. भंडाऱ्याची बस उभीच होती.